मिठ्ठूची सोयरीक

१२ ऑक्टोबर

आजही विचारलं त्याने. दारात चप्पल काढून राहिली होती, तर आधी खोकला, मग — "कुठी गेलती?"

अंगावर काटा! मिठ्ठू हो, दुसरं कोण? पोपटच. पण आवाज ह्यांचा. श्रावणात गेले हे, तापाचं निमित्त झालं. जिवंत होते तोवर मी शिवलेले कपडे देऊन घरी आली की रोज हेच विचारत. तेव्हा हा मिठ्ठू नुसता "चाय दे" म्हणे. ते गेले आणि हा हे बोलायला लागला.

ब्लाउज द्यायला गोंदियाला गेलती मी. पोपटाला कायले सांगू? तरी तोंडातून निघालंच — "गोंदियाले." सासूबाई आतून बघत होत्या.

१३ ऑक्टोबर

पुन्हा!

१७ ऑक्टोबर

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, पक्कं ठरलेलं आहे, मिठ्ठू म्हणजे त्यांचा कैलाशच. दहाव्याच्या रात्री पीठ पसरून टोपलं झाकलं होतं, गेलेला जीव कशाच्या जन्माला गेला ते पाहायला. सकाळी पिठात पाखराचं पाऊल. मला तर उंदराचं वाटलं, पण आईसमोर बोलणार कोण! तेव्हापासून पिंजरा पडवीतून देवघरापाशी. भात आधी त्याला, मग आम्हाला. त्याच्यासमोर मी डोक्यावर पदर घ्यायचा. पोपटासमोर!

हिमांशूचा फोन आला. भाऊ माझा, अर्जुनी मोरगावला साड्यांचं दुकान आहे. म्हणाला, शिलाईचं सगळं तुझ्या हाती देतो ताई, इथेच राहायला ये. बघते म्हटलं.

काय बघते? आत्ता निघावं वाटते. पण पिशवी भरताना त्याने विचारलं तर? ह्या घरात मला कोणी अडवत नाही, एक आवाज अडवते. हसतील लोक.

५ नोव्हेंबर

मिठ्ठू छातीची पिसं उपटून राहिला. लाल कातडी दिसते. इथे मुर्री गावात कोणी काही सांगेना म्हणून गोंदियाला पाखरं विकणाऱ्या भैयाजीला विचारलं. तो म्हणे, "अकेला है दीदी. साथी ला दो. फिर आदमी की बोली भूल जाएगा, अपनी बोलेगा."

भूल जाएगा! येताना पूर्ण रस्ता हेच डोक्यात.

६ नोव्हेंबर

आईंना पिसांचं सांगितलं. बोली भुलायचं नाही सांगितलं. म्हटलं, एकटा पडला, जोडीदार पाहिजे. आईंनी पिंजऱ्यातलं पाणी बदललं. मग म्हणाल्या, "मीच पाहीन. पोरगी पाहिल्याशिवाय कसं?"

पोरगी! म्हणजे मी माझी सवत शोधून राहिली!

९ नोव्हेंबर

गेलो आज. आईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, ओटीचा नारळ घेतला. भैयाजीच्या दुकानात स्टुलावर बसल्या ते थेट वरमाय! देशी पोपट विकायला सरकारी मनाई आहे, म्हणून सगळी परदेशी पाखरं. "मंग काय, परदेशी सून?" हे आईंचं एकदा म्हणून झालं.

लव्हबर्ड दाखवले. ते जोडीने बसलेले. आईंनी मान हलवली, कोणाचा जोडा मोडायचा नाही. बारकी बजरी दाखवली, तर ते लेकरू आहे म्हणे. एक पांढरी तुरेवाली दाखवली, कॉकटेल म्हणतात तिला. फार गोड होती. मी बोट पुढे केलं तर बोटावर येऊन बसली.

"ते नोको," आई म्हणाल्या. "पांढऱ्या कपाळाची एक आहे घरात."

भैयाजी खाली पाहायला लागला. मी बोट मागे घेतलं. असं बोलतात त्या, मनात नसते, मला माहीत आहे. पण लागलं. खूप लागलं.

शेवटी राखाडी कॉकटेल पसंत पडली, पिवळा तुरा, गालावर शेंदरी ठिपके. आईंनी तिला वळून बघायला लावलं, चालून दाखवायला लावलं. नाव मंजू. भैयाजीने बजावलं, एका पिंजऱ्यात ठेवू नका, तोता चावतो. शेजारी ठेवा.

घरी आलो तर आईंनी आधी आत जाऊन उंबऱ्यावर धानाचं माप ठेवलं! माझ्या लग्नात ठेवलं होतं तसंच. पिंजरा माझ्या हातात, म्हणून मीच पायाने माप लवंडलं. दुसऱ्यांदा त्याच घरात शिरली मी. हसू का रडू!

२७ नोव्हेंबर

मिठ्ठू बोलत नाही!! शीळ घालते, मंजूकडे तोंड करून बसते. आज बाहेरून आली, चप्पल काढली, थांबली. काही नाही. पिसंही फुटून राहिली.

किती हलकं वाटते.

४ डिसेंबर

आई जेवत नाहीत. दोन घास, मग ताट सरकवतात. "रुसला माया कैलाश," म्हणतात. एकदा मेलेल्या पोराला मी दुसऱ्यांदा मारलं काय?

११ डिसेंबर

नाही. मी काही मारलं नाही. माझंही आयुष्य आहे!

२० डिसेंबर

हिमांशूला हो म्हटलं. संक्रांत झाली की तो न्यायला येते. आईंना सांगितलं, तुम्हीही चला. म्हणाल्या, मी हे घर सोडत नाही. मला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तांदूळ निवडत राहिल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हल्ली जेवतात तरी. माझी पाठ वळली की पिंजऱ्यापाशी जाऊन बसतात. बसू दे.

९ जानेवारी



कपडे देऊन आली. दारात खोकला. "कुठी गेलती?"

मिठ्ठू नव्हता! तो दाणे खात होता. मंजू बोलली. ह्यांना कधी न पाहिलेली, ह्यांचा आवाज कधी न ऐकलेली मंजू. बोबडं, शिट्टीसारखं, पण खोकला तोच, विचारणं तेच.

पोपट विसरला म्हणून हे दुसऱ्या पाखरात शिरले? म्हणजे मी अर्जुनीला गेली तरी...

आईंनी मंजूला हात जोडले.

१० जानेवारी

हिमांशूला फोन केला. येऊ नको म्हटलं. कारण विचारलं त्याने. फोन ठेवून दिला. पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले.

१८ जानेवारी

गिऱ्हाईक घरी नव्हतं, अर्ध्या रस्त्यातून परत आली. दार लोटलेलं. आत खोकला. ह्यांचाच. मी जागच्या जागी.

फटीतून पाहिलं. आई मंजूसमोर बसल्या होत्या, तोंडावर पदर दाबून, आवाज जाड करून. खोकल्या. "कुठी गेलती?" मंजूने म्हटलं. आईंनी दाणा दिला. मग नवीन सुरू केलं — "जाऊ नोको वो, दुर्गा." पुन्हा. पुन्हा. मंजूला येईना.

हे तर ह्यांनी मला कधीच म्हटलं नव्हतं.