घोट्याला करंट

चि. धाकटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. (पोटाचा विषय पुढे येणारच आहे, म्हणून आधीच उल्लेख केला.) तुझे गुडघे, मेहुण्यांचा खोकला आणि तुझा माझ्यावरचा राग, तिघांची प्रकृती कळव. "कामं आहेत, लग्नाला जमणार नाही," असं मी म्हटलं आणि तू फोन आपटलास. खरं कारण फोनवर सांगता येईना, कारण तू स्पीकर लावतेस आणि शेजारीपाजारी हुंकार देतात.

कॅन्सरची गाठ काढताना डॉक्टरांनी गुदाशयाचा बराच भाग नेला. जीव वाचला, तक्रार नाही. पण उरलेलं आतडं भलतंच उतावळं निघालं. हाक आली की धावायचं, मग मी गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर का असेना. यावर आता घोट्याजवळ सुई टोचून नसेला बारीक करंट देतात. (पोटाची दोरी पायाशी असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.) जन्मभर वायरिंग करून लोकांना शॉकपासून वाचवलं आणि म्हातारपणी रांगेत बसून तोच घ्यायचा! मी बजावलं, अर्थिंग तपासल्याशिवाय पाय देणार नाही. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "बघा काय बघायचं ते." मला तेवढंच पुरे. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून बोर्ड उघडला, ठिणगी उडाली आणि अख्खा दवाखाना अंधारात. (मेन बंद करायला विसरलो, हे धंद्यातल्या कुणाला सांगू नकोस.) दुष्काळात तेरावा महिना, नेमकी तेव्हाच मला हाक आली. त्या अंधारात न चाचपडता संडास गाठणारा मी एकटाच, कारण कुठेही गेलो तरी आधी तोच बघून ठेवतो. परत येऊन फ्यूज बसवला, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, मशीन सेलवर चालतं." सोबत आलेली तुझी वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसली, मला फार बरं वाटलं.

गुण येतोय. सगळ्यांना येतोच असं नाही, असं बाई म्हणतात. पण परवा मी न उठता अख्खं जेवण जेवलो. लग्न मात्र लांबलचक. भाचीच्या लग्नातून मामा मध्येच पळाला, असं व्हायला नको. तेव्हा माझी वाट पाहू नकोस.

तुझा दादा

ता. क. वाट पाहा. येतोय. लग्नाच्या हॉलचं वायरिंग माझ्याच हातचं. मेन बोर्ड संडासाच्या दाराशेजारी आहे. तिथे खुर्ची ठेव. कुणी विचारलं तर सांग, फ्यूजवर लक्ष ठेवायला मामा तिथे बसलाय.

आणखी एक ता. क. खुर्च्या दोन ठेव. ऑपरेशन झाल्यापासून तुझी वहिनी माझ्यासाठी प्रत्येक संडासाच्या दाराबाहेर उभी राहिली आहे. त्या दिवशी तिला बसू दे.