शोकसभेतला ढोल

सुरत, रविवार, मार्च १९९६

आज पांजरपोळात, वर्षभरात गेलेल्या घोड्यांची शोकसभा. सगळे वरातींत नाचवले गेलेले, तिथूनच सोडवून आणलेले. आणि चिटणीस पाटलांनी श्रद्धांजलीसाठी बोलावले कोणाला, तर कतारगामच्या ढोलवाल्याला. ज्या आवाजावर त्यांना मारून नाचवले, तोच आवाज श्रद्धांजली कसा ठरतो? हे मी आधीच विचारले होते. पाटील हसले. "आप्पा, तुम्ही कोर्ट सोडलं, पण कोर्टानं तुम्हाला नाही सोडलं."

ढोल वाजू लागताच त्या घोड्यांसोबत सोडवून आणलेली, मागे उरलेली घोडी चंद्री सुजलेल्या गुडघ्यांनी पुढचे पाय आळीपाळीने उचलू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा आप्पा, किती खूश आहे."

"खूश असलेला घोडा कान मानेला चिकटवत नाही, पाटील."

ऐकतो कोण? पुन्हा तोच ढोल. अखेर युक्तिवाद अर्ध्यावर सोडून मी सरळ ढोलावर हात ठेवला. आयुष्यात प्रथमच.

चंद्री थांबली, पण तिने मान खाली घातली. ओशाळलेल्या पाटलांनी तिला थोपटायला हात उचलला मात्र, ती ढोलाविनाच पुन्हा नाचू लागली.