मागच्या अंगणात दोन खोल्या

९ मार्च २०२४, फरिदाबाद
आज राहायला आलो. अठ्ठावीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढली. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी मनात अर्ज लिहावा लागे. हेमांगीने दूध उतू घालवलं आणि मी घरभर भिंतींना हात लावत हिंडलो. ती हसली. तिची नोकरी अजून चार वर्षं आहे, रोज मेट्रोने दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर जाणार. मी स्वेच्छानिवृत्त, म्हणजे तिच्या भाषेत बिल्कुल बेकार.

घरामागे ऐसपैस अंगण आहे आणि त्यात एक पत्र्याची खोली. आधीच्या मालकांनी घर विकलं ते त्या खोलीतल्या भाडेकरीणबाईंसकट. प्रभाताई, वय शहात्तर, पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त. ट्रक रिकामा होतोय तोच पोह्यांची ताटली घेऊन आल्या. त्यांची भाची देविका नाशिकला असते, बाकी कोणी नाही. ताटली परत देताना ती रिकामी दिली म्हणून हेमांगी मला संध्याकाळभर बोलली.

२१ एप्रिल
या सेक्टरमध्ये ज्याच्या त्याच्या मागच्या अंगणात बांधकाम चालू आहे. दोन खोल्या, वेगळं फाटक, नोकरीवाली मुलंमुली भाड्याने. ठेकेदार श्याम माप घेऊन गेला. म्हणाला की साहब, जमीन तो आपकी पड़ी-पड़ी सो रही है. मला ते पटलं. घर पाहावं बांधून म्हणतात, ते आम्ही मागच्या दारी पाहणार.

प्रभाताईंना सांगितलं की पहिली खोली तुमचीच. त्यांनी फक्त उत्तरेला खिडकी मागितली. मी शब्द दिला.

२७ मे
उद्या बँकेचा माणूस जागा बघायला येतोय. मागे कोणी राहत असेल तर कर्ज नाही, असं आडून सुचवलंय. हेमांगी महिनाभर मुलाकडे बेंगळुरूला, त्यामुळे सगळं माझ्याच डोक्यावर. प्रभाताई म्हणाल्या की मी तेवढा वेळ देवळात जाऊन बसते. मी म्हटलं, शेहेचाळीस डिग्रीत कुठे जाता, आतच पडून राहा, अर्ध्या तासाचं तर काम. बाहेरून कुलूप घालीन म्हणजे सामानाची खोली वाटेल. फक्त आवाज करू नका. त्या हसल्या. चाळीस वर्षं वर्गाला गप्प बसवलं, आता मी बसते म्हणाल्या.

२८ मे
प्रभाताई गेल्या. ऊन आणि वय. दुपारी झोपेतच. डॉक्टर येऊन गेले. देविकाला फोन केला.

३ जून
देविका येऊन सगळं करून गेली. जाताना वाकून नमस्कार केला. म्हणाली, काका, तुम्ही होतात म्हणून मावशी एकटी नव्हती. मी पाय मागे घेतले.

कर्ज मंजूर झालं.

१४ डिसेंबर
खोल्या उभ्या राहिल्या. पांढऱ्या टाइल्स, एसी, लोखंडी दारं. पहिली त्याच पत्र्याच्या खोलीच्या जागी, तिला उत्तरेची खिडकी ठेवली, गजांची. श्याम म्हणाला की फालतू खर्चा है. मी ऐकलं नाही. शब्द पाळला असं स्वतःला सांगून पाहिलं.

६ एप्रिल २०२५
दुसऱ्या खोलीत नर्सिंगच्या दोघी मजेत आहेत. पहिलीतला मुलगा मात्र आज सोडून गेला, दोन महिन्यांतला तिसरा. उन्हाळा सुरू झाल्यापासून दुपारी कोणीतरी दार वाजवतं म्हणाला. मी म्हटलं, मांजर असेल. तो म्हणाला की अंकल, बाहर से नहीं, अंदर से. और बहुत धीरे से.

हेमांगी म्हणते, आजकालची मुलं, यार, कामाच्या ताणाने वेडी होतात. मी मान डोलावली.

९ एप्रिल
आज ऐकलं. दीडला सुरू झालं, सव्वाचारला थांबलं. खोली रिकामी आहे, किल्ली माझ्याकडे आहे. दोन टकटक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. इतकी हळू की अंगणातून ऐकू येते आणि फाटकाबाहेर नाही.

मी आवाज करू नका म्हटलं होतं. त्या अजून पाळताहेत.

१० एप्रिल
लिहूनच टाकतो. कोणी वाचणार नाही.

त्या दिवशी बाराला मी कुलूप लावलं. कूलरचा आवाज बाहेर येतो म्हणून घरातल्या बटणावरून तो बंद केला. बँकेचा माणूस पाच मिनिटांत पाहून झाला, पण सह्या आजच करून टाका म्हणून मला ब्रँचमध्ये घेऊन गेला. तिथे थंडगार केबिन होती. दोन वाजता मला आठवलं. हे मी विसरलो नव्हतो. मला आठवलं होतं आणि मी उठलो नाही. कारण काय सांगून उठायचं, ते सुचेना. फाइल टेबलावर उघडी होती. मी समोर आलेला चहा प्यायलो.

सव्वाचारला कुलूप काढलं. त्या दाराशी होत्या. मी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं, पदर नीट केला, कूलर चालू केला, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. डॉक्टरांना फोन त्यानंतर केला.

जनाची लाज होती म्हणून हे सगळं केलं. मनाची कुठे गेली होती, माहीत नाही.

२२ एप्रिल
दार आतून ओलं होतं, हाताच्या उंचीवर. पुसलं. दुपारी पुन्हा ओलं.

एक उपाय सापडला. एक वाजता बाहेरून कडी घालतो आणि पाचला काढतो. टकटक थांबत नाही, पण दार उघडेल ही भीती जाते. मी कडी घालतो. त्यांच्यावर. पुन्हा.

११ मे
देविकाला नोएडात नोकरी लागली. हेमांगीने मला न विचारता तिला पहिली खोली देऊन टाकली, मावशीची जागा आहे म्हणून. मी म्हणालो, तिथे दुपारी फार तापतं. देविका म्हणाली, मी नऊला जाते, सातला येते, दुपारचं काय ते.

रात्री जेवताना तिने विचारलं, मावशीला त्रास झाला का. मी म्हणालो, नाही, झोपेतच. हेमांगीने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी तो संपवला.

१९ मे
तिला सांगायला हवं. रोज ठरवतो. सकाळी ती हसून हात हलवते आणि जाते. मग एक वाजता मी कडी घालतो. पाचला काढतो. तिला कळतही नाही. सुट्टीच्या दिवशी ती दुपारभर आमच्या घरात हेमांगीपाशी असते.

२ जून
टकटक. पत्र लिहायला घेतलं. चि. देविका – पुढे एक शब्द नाही. फाडलं.

९ जून
हेमांगी म्हणाली, वाळलास तू. डॉक्टरकडे चल. मी म्हणालो, ऊन.
पंचेचाळीस डिग्री. दोन टकटक. मग दोन.

१२ जून
सकाळपासून वीज नाही. रात्री झोप नव्हती, उठलो तेव्हा दहा वाजून गेले होते. एकला कडी घातली.

दीडला सुरू झालं. आज हळू नव्हतं. दोन्ही हातांनी – सारखं – मधे हाकही आली असं वाटलं. नर्सिंगच्या मुली गावी गेल्यात, कोणाला ऐकू जाणार नाही, हाच विचार आधी आला. मी आतल्या खोलीत जाऊन कानांवर उशी धरली. मनात म्हटलं, ओरडा प्रभाताई, तुमचा हक्कच आहे, वर्षभर गप्प बसलात.

तीनच्या सुमाराला थांबलं. सव्वाचारच्या आत आज पहिल्यांदाच. मी रडलो. वाटलं, सुटल्या. वाटलं, मला माफ –

तीन चाळीस
फोन पाहिला. हेमांगीचा मेसेज, पावणेदोनचा. देविकाला सकाळपासून ताप आहे, ऑफिसला गेलेली नाही, मागे झोपली आहे. फोन लागत नाही, चार्जिंग संपलं असेल. जरा पेज करून नेऊन दे.

कडी मी एकला –

मागे काहीच आवाज नाही. उठायला हवं. हेमांगीला काय सांगू की बाहेरून कडी का