चौकातली रांग

प्रिय बारक्या,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला आणि मी आज उत्तराला बसते आहे. एरवी आठ दिवस वर गेले की ‘ताई, हात मोडला का?’ म्हणून तुझं कार्ड येतं. या वेळी तेही आलं नाही. हात शाबूत आहे. रविवारची दुपार आहे, दुकान बंद आहे, कापायच्या टेबलावरच कागद पसरलाय. आई आत पडली आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. लेथवर तुला कायम केल्याची बातमी तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, ‘अक्षर सुधारलंय हो त्याचं.’

तुझ्या पत्रात शेवटी एकच ओळ वेगळ्या शाईने होती. ‘आपल्याकडे या वेळी निवडणुकीत काही झालं का?’ म्हणजे पत्र संपवून, पेन ठेवून, बराच विचार करून पुन्हा लिहिलेली. त्या एका ओळीचं उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले. झालं. पण तुला वाटतं तसं नाही. नीट सांगते.

नगरपालिका बरखास्त झाली आणि दोनच वर्षांत पुन्हा निवडणूक लागली, हे तुला कळलंच असेल. तारीख जाहीर झाली त्या दिवशी चौकातल्या सगळ्या दुकानदारांनी पहिलं काम काय केलं असेल, तर शटरची कुलपं बदलली. मागच्या वेळचं कुणी विसरलेलं नव्हतं. मतदानाच्या त्या शनिवारी दंगलीत अकरा दुकानं फुटली, चौदा माणसं दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी उपासनेला मी आणि आई दोघीच गेलो, तू अंग दुखतंय म्हणून पडून होतास. त्या दिवशी आपल्या चर्चच्या पाळकबाईंनी प्रवचन केलंच नाही. वर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘काल दगड कुणी मारले ते मला माहीत नाही. पण त्यातले काही हात आत्ता इथे जोडलेले असणार, एवढं मला माहीत आहे.’ आणि खाली येऊन बसल्या.  मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

पाळकबाई तिथेच थांबल्या नाहीत. त्या आठवड्यात त्या चालत मोठ्या चर्चच्या फादरांकडे गेल्या, आणि तिथून दोघं मिळून नदीकाठच्या पत्र्याच्या चर्चमध्ये. तुला माहीतच आहे, या तिन्ही चर्चची माणसं एकाच नळावर पाणी भरत आली, पण एकमेकांच्या दारात पाय ठेवत नव्हती. मोठ्या चर्चने आपल्या आजोबांना त्यांच्या दफनभूमीत जागा दिली नाही, हे आई अजून कालच घडल्यासारखं सांगते. पत्र्याच्या चर्चच्या पास्टरांना तर, उपासनेत टाळ्या वाजवतात म्हणून, आपली आणि फादरांची, दोघांचीही माणसं ‘टाळ्यावाले’ म्हणायची. पण दगड मारताना तिन्हींची पोरं दोन्ही बाजूंना होती. फादर पहिल्याच बैठकीत म्हणाले, ‘आपण रविवारी वेगळे बसतो, शनिवारी मात्र एकत्र डोकी फोडतो.’ 

पहिले सहा महिने नुसत्या बैठका झाल्या. प्रार्थना आधी कुणी करायची यावरून तिघांचं अडायचं. पास्टरांची प्रार्थना एकदा सुरू झाली की चहा दोनदा गरम करावा लागे. फादर डोळे मिटून असत, पण बोटं टेबलावर मिनिटं मोजत असत. तरी माणसं येत राहिली. जखमींच्या घरी जाताना एका चर्चच्या माणसाने दुसऱ्या चर्चच्या घरी जायचं असं ठरवलं. निवडणूक लागल्यावर दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना एका खोलीत बसवून, भाषणात कुणाच्या वस्तीचं नाव घेऊन चिथावणार नाही असं लिहून घेतलं. एकाने सही केली. दुसरा म्हणाला, ‘बघू.’ फादरांनी त्या कागदावर ‘बघू’ असंच लिहिलं आणि दोन्ही कागद तिन्ही चर्चच्या दारांवर लावले. तीन दिवसांनी दुसऱ्याचीही सही आली.

मग ठरलं की मतदानाच्या दिवशी तिन्ही चर्चची साठ माणसं चौकात उभी राहतील. हातात काही नाही, घोषणा नाहीत, कुठल्याच पक्षाचा बिल्ला नाही. ज्याला मतदानाला जायची भीती वाटते त्याला घरून केंद्रावर न्यायचं आणि परत सोडायचं. दोन गट समोरासमोर आले तर मधे उभं राहायचं. त्यांना ओळखता यावं म्हणून बिनबाह्यांची जाकिटं शिवायचं काम माझ्याकडे आलं आणि रंगावरून महाभारत झालं. फादरांच्या लोकांना पांढरा हवा होता, आपल्या चर्चच्या वडीलमंडळींना गडद निळा, पास्टरांना पाठीवर बायबलचं वचन छापून हवं होतं. शेवटी माझ्याकडे शाळेच्या पडद्यांचं उरलेलं राखाडी कापड होतं, ते मी टेबलावर टाकलं. तो रंग कुणालाच आवडला नाही, म्हणून सगळ्यांना मान्य झाला.

जाकिटं पोचवायला मी मोठ्या चर्चच्या सभागृहात गेले आणि अडकले. तिथे निवृत्त हेडनर्सबाई लोकांना शिकवत होत्या. कसं उभं राहायचं, हात उघडे कसे ठेवायचे, कुणी ढकललं तर मागे न पळता जागच्या जागी खाली कसं बसायचं, शिवी आली तर काय करायचं. (काहीच नाही. श्वास मोजायचा.) अर्धी माणसं रांग व्हायची, अर्धी जमाव. जमावात एक माणूस कमी होता. बाईंनी माझ्या हातात वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी दिली आणि म्हणाल्या, ‘तुम्ही व्हा हल्लेखोर. समोरच्यावर धावून जायचं आणि ही उगारायची.’

माझ्या समोर रांगेत पोस्टमनकाका उभे होते.

त्यांना तू ओळखतोस. लहानपणी त्यांची सायकल गल्लीत शिरली की तू मागून पळायचास. आता सायकल नाही. खुब्याचं हाड नीट जुळलं नाही, डावा पाय आखूड झाला. पोस्टात खिडकीमागे उंच स्टुलावर बसून ते शिक्के मारतात. गेली दोन वर्षं मी तुला पत्रं टाकायला पुलापलीकडच्या पोस्टात जाते, ते का, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी लिहिलं नाही. आपल्या पोस्टाच्या खिडकीत त्यांच्या हातात तुझ्या नावाचं पाकीट द्यायला माझा हात होत नव्हता, म्हणून.

तर ते काठी भिंतीला लावून माझ्या समोर उभे होते, दोन्ही तळवे उघडे. मी उभीच्या उभी. बाई म्हणाल्या, ‘उगारा.’ काका हसून म्हणाले, ‘अगं मार की, कागदच आहे तो.’ मी हात वर केला आणि बारक्या, तो माझा हात नव्हताच. मला दिसला तो तुझा. खरंच सांगते, दुकानाच्या वरच्या खिडकीतून त्या शनिवारी जसा दिसला होता तसाच. कुंपणाची सळई धरलेला. काका रस्त्यात पडलेल्या म्हाताऱ्याला ओढून कडेला आणत होते, त्यांची तुझ्याकडे पाठ होती. मला तेव्हा खिडकी उघडून ओरडता आलं असतं. मी पडदा ओढला.

सभागृहात मी गुंडाळी टाकून दिली आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, चक्कर आली. काकांनीच पाणी आणून दिलं, लंगडत. म्हणाले, ‘होतं असं. मलाही पहिल्या दिवशी झालं.’

तुझं नाव मी त्यांना सांगितलं नाही. निदान तेव्हा. पण त्यांनी विचारलं, रांगेत येशील का, तर मी हो म्हणाले.

मतदानाचा दिवस दुपारपर्यंत शांत गेला. मी नऊ बायकांना केंद्रावर नेऊन परत आणलं. आईही गेली, आणि कुणाबरोबर? फादरांचा हात धरून. वाटेत तिने आजोबांच्या दफनाचा विषय काढलाच. फादर म्हणाले, ‘चूक आमचीच होती.’ ती पुढे घरापर्यंत गप्प! तीन वाजता मात्र गिरणीच्या बाजूने एक घोळका आला, बाजाराच्या बाजूने दुसरा. केंद्रात पेटी बदलली अशी अफवा उठली होती. आम्ही साठ जण दोन्हींच्या मधे हात धरून दोन ओळींत उभे राहिलो, पाठीला पाठ. माझ्या एका हाताला पाळकबाई, दुसऱ्या हाताला पत्र्याच्या चर्चमधली एक भाजीवाली. तिचा तळवा घामाने निसटत होता. शिव्या सुरू झाल्या, आईबहिणीवरून. मग बाटली आली. ती पास्टरांच्या तोंडावर बसली. ते गुडघ्यावर आले, हनुवटीवरून रक्त गळायला लागलं. त्यांच्या शेजारी फादर होते. त्यांनी पास्टरांना धरलं आणि दोघं तिथेच खाली बसले. मग हेडनर्सबाई बसल्या. मग आम्ही सगळेच, एकामागून एक, भर चौकात, डांबरावर.

मला वाटलं होतं, आता तुडवतील. पोस्टमनकाकांना पायामुळे बसता येत नव्हतं, ते एकटेच उभे राहिले. घोळक्यातला एक दांडगा त्यांच्यापर्यंत आला, हातात वीट. काका त्याला म्हणाले, ‘तुझ्या आईचं पेन्शन मी आणून देत होतो, पाच वर्षं. बरी आहे का ती?’  तो म्हणाला, ‘गेली.’ काका म्हणाले, ‘मला माहीत नव्हतं रे.’ आणि त्याने वीट खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. मागचे ओरडत राहिले, पण पुढचे थांबले की मागच्यांनाही थांबावं लागतं. अर्ध्या तासाने पोलीस आणि अधिकारी आले, पेटीचं सील सगळ्यांना दाखवलं, घोळके पांगले. पास्टरांच्या ओठाला सात टाके पडले. एकही दुकान फुटलं नाही. सगळं सुधारलं असं मी म्हणत नाही. निकालाच्या दिवशी खालच्या वस्तीत दोघांनी मार खाल्लाच, आणि आपल्याच चर्चमधले काही जण आम्हाला पळपुटे म्हणतात. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढं आहे.

आता जे तू विचारलं नाहीस ते. त्यानंतर चार दिवसांनी मी काकांच्या घरी गेले आणि त्यांना सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं. पोलीस चौकशीला आले तेव्हा ‘भाऊ दिवसभर घरीच होता’ असं मी खोटं बोलले, तुझा शर्ट मी धुतला, सोमवारी तुझी बॅग मी भरली, हेही. तुला न विचारता सांगितलं, त्याचा तुला राग येईल. येऊ दे. त्या चौकात मी डांबरावर बसले होते, आणि ज्या माणसाशी दोन वर्षं खोटं वागले तो माझ्या वतीने उभा होता. यापुढे ते मला जमणार नव्हतं.  काकांनी उठून दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं. दीड महिना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मला वाटलं, पोलीस येतील. आले नाहीत. मग परवा ते दुकानात आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, ‘तुझ्या तोंडून त्याची माफी मला नको. त्याला यायला सांग. त्याचं तोंड मला बघायचंय. पुढे तक्रार करायची की नाही, ते मी तेव्हा ठरवीन, आत्ता शब्द देत नाही.’ मी पाळकबाईंना विचारलं, काका तक्रार करणार नाहीत असं तुम्ही त्यांच्याकडून वदवून घ्याल का. त्या सरळ नाही म्हणाल्या. म्हणाल्या, ‘तो हक्क त्यांचा आहे, पण बारक्या आला तर आम्ही तिघंही, फादर, पास्टर आणि मी, तिथे बसू, आणि कुणी कुणावर हात उचलणार नाही एवढं बघू.’ आईला मी सांगितलं आहे. ती रडली नाही, तुझ्या खोलीतली माझी कापडं तिने उचलून बाहेर ठेवली आणि खाट मोकळी केली. रागाने की वाट बघत, मी विचारलं नाही. तर बारक्या, हे पत्र त्यासाठी आहे. तुला कायमची नोकरी लागली आहे, तुझी साहेब लोकांत पत आहे, आणि मी तुला ते सगळं पणाला लावायला सांगते आहे, हे मला कळतं. पळ म्हणून मीच तुला सांगितलं होतं, म्हणून ये म्हणूनही मलाच सांगायला हवं. त्यांच्या दारापर्यंत मी तुझ्याबरोबर येईन. कडी मात्र तू वाजवायचीस.

रागावलास तरी तुझीच,
ताई