जंतूची माया

ती. आईस,

तुझ्या धाकटीचा दुरून नमस्कार. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

दिवसभर सूक्ष्मदर्शकात काय बघतेस, असं विचारलं होतंस. पेशीत घुसलेला जंतू बघते. तो शिरला की शेजारणींना वाचवायला पेशी स्वतःच मरायला निघते. पण जंतू तिला मरू देत नाही. आतून सारखा निरोप धाडतो, ‘जग गं, अजून जग.’ त्याची पिलावळ वाढेपर्यंतच ही माया.

आमचे सरही मला जपतात. सुट्टी मागायला गेले की म्हणतात, “आधी सांग, जेवलीस का?” आणि स्वतःचा डबा पुढे करतात. मी चार घास खाते नि पुन्हा कामाला बसते.

फोनवर तूही तेच विचारतेस. तू विचारलंस की मात्र रडू येतं, म्हणून हल्ली पत्रच लिहिते.

तुझीच,
धाकटी