बैठं काम

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. शेवटी नेहमीचा प्रश्न आहेच, चालायला जातोस की नाही? नाही जात. पण सध्या एक व्यायाम सुरू केलाय. कुणाचा हात न धरता खुर्चीवरून उठायचं. हसू नकोस. काल दोनदा जमलं. तिसऱ्यांदा धपकन खाली बसलो.

भाचीला पोहायला घातलंस ते बरं केलंस. भावोजींच्या गुडघ्याचं काय झालं ते मात्र लिहिलं नाहीस. त्यांना म्हणावं, तुमचा मेहुणा तुमच्याहून वाईट अवस्थेत आहे, तेवढाच त्यांना दिलासा.

मी एका मोठ्या कंपनीत पहारेकरी आहे, काम बैठं आहे, असं तुला सांगत आलो. त्यातलं बैठं तेवढं खरं. कंपनी वगैरे काही नाही. डोंगराच्या पोटात एक जागा आहे आणि तिथं राहणाऱ्या माणसाला सगळ्या जगावर राज्य करायचंय. आम्ही त्याला मालक म्हणतो. वाचून तुला वाटेल, ढब्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही पहिल्या आठवड्यात हसू यायचं. मालक काळा झगा घालून माइकवर खदाखदा हसतो, आणि तो हसला की आम्हीही हसायचं, असा नियम आहे. त्याच्या आधी थांबायचं नाही. जेवण वेळेवर, पगार वेळेवर. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं म्हणत मी राहिलो.

भरती झालो तेव्हा जाड असलो तरी मी धावायचो, तुला आठवत असेल. मग इथलं जेवण आणि इथला कंटाळा, दोन्ही अंगाला लागलं. मागच्या वर्षी मालकाच्या कैदेतला एक शास्त्रज्ञ पळाला. मी मागे लागलो आणि जिन्यातच बसलो. तो बिचारा चार पायऱ्या परत आला, मला पाणी दिलं आणि मग पळून गेला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मालक माणूस कामावरून काढतो म्हणजे कुठं पाठवतो, ते आम्हाला ठाऊक आहे. पण मला त्यानं तळघरात नेलं.

तिथं जमीन हादरवणारं यंत्र आहे. वर मालक किल्ली फिरवतो आणि खाली एका लोखंडी खुर्चीवर माणूस बसलेला लागतो. खुर्ची पुरती दबली आणि तिला अंगाची ऊब लागली तरच यंत्र चालतं. नुसत्या बटणावर मालकाचा विश्वास नाही, बटण कुणीही दाबेल म्हणतो. एका माणसाच्या वजनानं ती खुर्ची दबायचीच नाही. एकाच्या मांडीवर दुसरा असे दोघं बसायचे आणि सारखे भांडायचे. मी एकटा बसलो आणि खुर्ची तळाला टेकली. मालकानं टाळ्या वाजवल्या. माझ्या जाडेपणाचं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कौतुक केलं, ताई. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

खुर्चीचे हात कमरेत रुततात आणि थोड्या वेळात पाय मेल्यासारखे होतात. काम झालं की दोघं येऊन मला ओढून बाहेर काढतात. मध्ये चाचणी झाली, तेव्हा कुठलीशी ओसाड टेकडी खचली म्हणे. मला खाली काही कळलं नाही. मांडीवर डबा होता, तो मी खाल्ला.

बागेतली ती वर-खाली होणारी फळी आठवते? मी एका टोकाला बसलो की तू जी वर जायचीस, ती वरच. खाली येण्याचं नाव नाही. पाय झाडत ओरडायचीस, ढब्या, उठू नकोस, मी पडेन! बाबा गप्पा संपवून सावकाश येईपर्यंत मी हलायचो नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. बाबा फळी धरायचे, मग मी उठायचो. बाबा म्हणायचे, पोरगं जड आहे पण भरवशाचं आहे.

मंगळवारी मालकानं भिंतीवर नवा नकाशा लावला. नदीचं वळण मी आधी ओळखलं, मग पूल, मग तुझी शाळा. मालकानं विचारलं, इथं कुणाचं कुणी आहे का? मी मूग गिळून गप्प बसलो. मग तो हसला, आम्ही हसलो. मी जेवायला गेलो आणि दोनदा वाढून घेतलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. रविवारी सकाळी मला त्या खुर्चीवर बसायचंय. नाही म्हटलं तर ते पुन्हा दोघांना बसवतील, म्हणून बसणार आहे. पण यंत्र बसवणाऱ्या मिस्त्रीनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, शिंक आली तरी उठू नकोस, यंत्र तापताना खुर्ची रिकामी झाली तर सगळं आतून जळून जाईल. मी तेव्हाच उठणार आहे. मला ओढणारे दोघं त्या वेळी वर हसायला गेलेले असतील, त्यामुळे एकट्यानंच उठायचंय. पुढं मालक माझं काय करेल ते लिहीत नाही. हे पत्र स्वयंपाकी बाजाराला जाताना टाकणार आहे. पोलिसांना दाखव, विश्वास ठेवला तर ठेवला. लहानपणी त्या फळीवर तुझ्यासाठी बसून राहिलो होतो, आता उठायचंय, आणि बहुतेक जमेल. पण माझे पाय बधिर होतात, ताई. माझ्या भरवशावर राहू नकोस. भाचीला आणि भावोजींना घे आणि शनिवारीच गाव सोड.

तुझाच,
ढब्या