संचालकाने बाहेर बसावे

बोईसर,
गुरुवार, दुपार (जेवण वाढून ठेवलंय, भूक नाही)

ती. सौ. कीर्तीताईच्या पायांशी तिच्या एकुलत्या एका चुलतभावाचं डोकं.

तुझी कंबर कशी आहे? शैलेश भावोजींचा खोकला गेला का, की अजून रात्री उठून सगळ्या सफाळ्याला जागं करतात? वालाच्या शेंगा आल्या असतील, आमच्या वाटणीच्या राखून ठेव. आमच्याकडे सगळे खुशाल. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण बाबा त्याच्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मागच्या खेपेला फोनवर मी ओरडलो तेव्हा तू म्हणाली होतीस, लल्या, तुला जे सांगायचंय ते लिहून पाठव, कागदावर तुझा आवाज चढत नाही. म्हणून हे पत्र. (तरी मधे कुठे अक्षर मोठं झालं तर समजून घे.)

मी बँकेचा संचालक कसा झालो यावर भावोजींचा अजून विश्वास नाही, म्हणून ते आधी लिहितो. आपल्या सागरसाथ नागरी सहकारी बँकेत बाबांना दुखऱ्या गुडघ्यानिशी रांगेत उभं ठेवलं आणि आत काउंटरवरचा माणूस निवांत भेळ खात होता. मी वार्षिक सभेत मंचावर चढलो, माईक हातात घेतला आणि तो परत घ्यायला दोन माणसं यावी लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष अण्णांनी मात्र शांतपणे विचार केला, की हा पोरगा बाहेरून ओरडण्यापेक्षा आत बसून चहा पिऊ दे. पुढच्या निवडणुकीत त्यांनी मला पॅनेलमध्ये घेतलं, समोरच्यांनी अर्ज मागे घेतले आणि मी बिनविरोध निवडून आलो. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून बाबा माझं नाव चारचौघांत घेत नव्हते. आता शेजारच्या मांजरालासुद्धा सांगतात, "आमचे संचालक झोपलेत, आवाज करू नको."

तर नव्या संचालकांना शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या. पालघरला एका सभागृहात दोन दिवस वर्ग होता. मी खिडकीजवळ बसलो, आणि हीच पहिली चूक झाली. बाहेर उमरोळीच्या अंगाला कापून झालेली शेतं पसरलेली, पिवळ्या खुंटांवर बगळे असे उभे की कुणी पांढरे रुमाल वाळत घालून विसरून गेलंय. आत मॅडम सांगत होत्या की देखरेख म्हणजे ढवळाढवळ नव्हे, संचालकाने शाखेत जाऊन कारकुनाला हुकूम सोडायचे नाहीत. यावर कैलासशेठ (त्यांचे ट्रक चालतात, आवाजही ट्रकचाच) म्हणाले, "मग आम्ही यायचं कशाला?" मॅडम म्हणाल्या, प्रश्न विचारायला. कैलासशेठ त्यानंतर दोन्ही दिवस एकच प्रश्न विचारत राहिले, जेवण कधी आहे.

मग जोखीम आली. सगळं कर्ज एकाच धंद्यात घालू नये, बोईसरचे कारखाने एकदम थंडावले तर बँकही गारठेल, असं त्या सांगत होत्या. मी बगळ्यांकडे बघत होतो. मनात आलं, मी तर सगळंच्या सगळं एका ठिकाणी घालून बसलोय. तारण नाही, जामीन नाही, आणि जिच्यापाशी ठेवलंय तिला पत्तासुद्धा नाही. ताई, तू ओळखलं असशील. चारुता. तारापूरच्या अलीकडे त्यांची मोगऱ्याची वाडी आहे, कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी परीक्षकाशी भांडून बाहेर पडलो तेव्हा सगळ्या वर्गात ती एकटीच मागून आली आणि म्हणाली, "तुझं म्हणणं बरोबर होतं, ओरडणं चूक होतं." तेव्हापासून मी दोन्ही गोष्टी तशाच चालू ठेवल्यात, आणि तिच्या वाडीवरून जाताना गाडीचा वेग आपोआप कमी होतो. (पेट्रोल वाचतं, असं मी बाबांना सांगतो.)

दुसऱ्या दिवशी कर्ज कसं मंजूर करावं याचं नाटक करायला लावलं. डोंगराकडच्या गावचे आमचे संचालक गोमादादा अर्जदार झाले आणि आम्ही मंडळ. गोमादादांनी मागायच्या आत आम्ही मंजूर करून टाकलं. मॅडमनी कारण विचारलं, तर अण्णा म्हणाले, माणूस ओळखीचा आहे. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. गोमादादा म्हणाले, "बाई, मी तर मागनार नव्हतो, हे लोक देतातच तर नाय कसा म्हनू?" शेवटी मॅडमनी एक नियम दोनदा सांगितला. संचालकाच्या नातेवाइकाला बँक कर्ज देऊ शकत नाही. आणि विषय आपल्या जवळच्या माणसाचा निघाला तर संचालकाने आधी उठून तसं सांगावं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर बसावं. लपवलं तर बँकेचा घात. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. इतकं स्वच्छ, इतकं सरळ काही मला कॉलेजात कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि या मंगळवारी आमची पहिली खरी सभा. चौथा विषय वाचला गेला, चारुता यांचा थंड खोलीसाठी कर्ज मागणारा अर्ज. त्याचं असं आहे, मोगरा कळी असतानाच विकला जातो. वाडीतून बाजारात पोचेपर्यंत उकाड्याने कळ्या उमलतात आणि उमललेल्या फुलाला कुणी विचारत नाही. थंड खोली असली तर कळ्या मिटलेल्या राहतात. फाल्गुनात फुलं धरतील, त्याआधी खोली उभी राहिली पाहिजे, नाहीतर हेही वर्ष हातचं गेलं आणि तिचा बाप वाडी विकायला काढणार, असं सगळ्या तारापुरात बोललं जातंय. अण्णा म्हणाले, "फुलाने फुलू नये म्हणून कर्ज? हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय." सगळे हसले. मी मात्र त्या खोलीत जाऊन पोचलो होतो. अंधार, गारवा, आणि श्वास धरून झोपलेल्या हजारो कळ्या. तेवढ्यात मला नियम आठवला आणि मी उभा राहिलो.

मी म्हटलं, या अर्जदाराशी माझा संबंध आहे, मी बाहेर बसतो. अण्णा दचकले. "सावे, नातं काय?" मी म्हटलं, माझ्या बाजूने आहे, तिच्या बाजूने विचारलेलं नाही. कैलासशेठ म्हणाले, "एका बाजूचं नातं मोजायचं कसं? अर्धं धरायचं का?" अण्णांना घाम फुटला. त्यांनी पुण्याला मॅडमना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, आणि सगळी हकीकत सांगितली. मग मॅडम म्हणाल्या, आधी त्यांना बाहेर बसवा. आणि अर्जदार बाईंना बोलावून सरळ विचारा. गोमादादा म्हणाले, "पोरगा खरा बोलला तर त्यालाच भायेर काढता? ह्यो कसला कायदा हाय!"

ताई, मी बाहेर बाकावर बसलो आणि मग मला कळलं मी काय करून ठेवलंय. ती हो म्हणाली तर तिला कर्ज नाही, वाडी गेली. नाही म्हणाली तर कर्ज मिळालं, मी गेलो. ती आली. हिरवा कुडता, केसांत फूल नव्हतं (मोगरेवाले स्वतः फूल माळत नाहीत, तुझ्या लक्षात आलंय का?). मला बघून हसली, "काय संचालकसाहेब, तुम्हालाच बाहेर काढलं?" आणि आत गेली. दार लागलं. कारखान्यांकडून तो नेहमीचा आंबूस वास येत होता आणि मला तो चक्क मोगऱ्याचा वाटत होता. मी देवाला सांगितलं, तिला कर्ज मिळू दे.

दार उघडलं. अण्णा म्हणाले, मंजूर. सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना खाली घातल्या. आत काय झालं ते मला सांगायचं नाही, असा नियम. मी इतका आनंदात होतो की मला रडू आवरेना. तसाच खाली स्कूटर लावतात तिथे गेलो. ती तिथे उभी होती, आणि हसत नव्हती.

"सगळ्या बोईसरला कळायच्या आधी मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, नियम होता.

"आधी मंडळ, मग मी?"

(तुझा विश्वास बसणार नाही, पण मी ओरडलो नाही.) मग तीच म्हणाली, "त्यांनी विचारलं, आज काही नातं आहे का. मी म्हटलं, आज नाही. उद्याचं कुणी विचारलंच नाही. दोन दिवस शिकून आलात ना सगळे? आणि ते गोमादादा मला हळूच म्हणतात, पोरी, पोरगा बरा हाय, नुसता आवाज मोठा हाय." मग हेल्मेट घालता घालता म्हणाली, "तुझं पद पाच वर्षांचं, माझं कर्जही पाच वर्षांचं. तेवढं थांबायची मला हौस नाही." आणि गेली. दांडीच्या समुद्राकडून आलेला वारा स्टँडातून फिरत होता आणि मी दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरला धरून उभा होतो.

असो. हे तुला कळावं म्हणूनच लिहिलं, बाकी काही काम नाही. भावोजींना नमस्कार, कंबरेला ऊब दे.

तुझा,
ललित

ता. क. राजीनामा त्याच संध्याकाळी अण्णांच्या घरी जाऊन दिला. कारण लिहिलं नाही. बाबांना एवढंच कळलंय की मी सोडलं. "हेही अर्धवट," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तू रविवारी येऊन त्यांची समजूत काढ. खरं काय ते एवढ्यात सांगू नको, चारुता म्हणते तिच्या घरी आधी ती बोलेल.

ता. क. २. वरचं रद्द. रविवारी नको, उद्या सकाळीच ये (म्हणून हे पत्र टपालात न टाकता संध्याकाळच्या गाडीने माणसाबरोबर पाठवतोय). आत्ता अण्णा आले होते. त्यांना बाबांचं वाईट वाटलं म्हणून माझ्या रिकाम्या जागेवर त्यांनी बाबांनाच घ्यायचं ठरवलंय. बाबा अंथरुणातून उठले, गुडघा दुखत नाही म्हणाले, आणि सदऱ्याचं माप द्यायला शिंप्याकडे गेलेत. आता संचालकाची सून म्हणजे नातेवाईकच, आणि कर्जाचे पैसे अजून तिच्या हातात पडलेले नाहीत. माझ्याने हे त्यांना शांतपणे सांगवणार नाही. तू ये, त्यांच्यासमोर बस आणि एवढंच विचार, की विश्रामकाका, तुम्हाला संचालक व्हायचंय की सासरे?